मागच्या शब्दाचा हिशेब

घरून काम करणाऱ्यांनी आता पुन्हा कार्यालयात यावे, असे सांगणारा आमच्या कंपनीचा तो ई-मेल शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वांना गेला. त्याच्या तासभर आधी आम्हा मॅनेजर मंडळींना एक वेगळी फाइल आली होती. ती पुढे कोणालाही पाठवू नये, अशी तिच्या पहिल्याच ओळीत सूचना होती. कर्मचारी काय काय विचारतील याचा अंदाज घेऊन प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरे त्या फाइलमध्ये मांडलेली होती. आठवड्यातले किती दिवस कार्यालयात यायचे, कार्ड स्वाइप करायचे राहून गेले तर हजेरी कशी लागेल, कंपनीची बस चिंचवडहून सुटेल की नाही, वैद्यकीय कारणासाठी सवलत कोणाकडे मागायची, अशा प्रत्येक गोष्टीचे उत्तर तीत होते आणि ते कोणीतरी कष्टाने, पुन्हा पुन्हा तपासून लिहिलेले दिसत होते. रात्री नऊच्या पुढे माझ्या टीममधल्या एका मुलीचा फोन आला. ती कऱ्हाडहून काम करते. तिचा आवाज चढलेला नव्हता आणि रडवेलाही नव्हता. ती म्हणाली, “ताई, यायचं कसं ते मी बघीन. मला एवढंच सांगा, सरांनी त्या टाउन हॉलमध्ये जे सांगितलं होतं, ते मागे कधी घेतलं?” फोन ठेवल्यावर मी ती फाइल उघडून वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. हा प्रश्न तीत नव्हता.

तो टाउन हॉल, म्हणजे सर्व कर्मचाऱ्यांची ती ऑनलाइन सभा, मलाही नीट आठवते. २०२१ चा पावसाळा होता, दुसरी लाट नुकतीच ओसरली होती आणि आमच्यापैकी बहुतेकांच्या घरातले किंवा शेजारचे कोणीतरी गेलेले होते. कंपनीचे प्रमुख त्यांच्या घरातल्या खोलीतून बोलत होते. मध्येच त्यांच्याकडे कुकरची शिट्टी वाजली आणि ते क्षणभर थांबले, तेव्हा तो माणूस आम्हाला फार जवळचा वाटला होता. काम कोठून होते याला आता महत्त्व उरलेले नाही, तुम्ही जेथे आहात तेथे निश्चिंतपणे स्थिरावा, असे ते म्हणाले. ते खोटे बोलत होते असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्या काळात ज्याने त्याने आपापल्या अनुभवावरून तसेच मत बनवले होते. परंतु त्या वाक्यावर लोकांनी आयुष्याच्या गोष्टी ठरवल्या. कऱ्हाडच्या त्या मुलीने आईवडिलांच्या घरावर एक खोली चढवली, त्यासाठी कर्ज काढले, मुलाचे नाव गावातल्या शाळेत घातले आणि पुण्यातली भाड्याची जागा सोडून दिली. सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशनही तिने कऱ्हाडातच करून घेतले, कारण आता आपण येथेच आहोत, असे घरात सगळ्यांनी धरून चालले होते.

मार्च २०२० मधले ते दिवस आठवले की अजूनही मला हिंजवडीतले पार्किंग दिसते. लॅपटॉप सर्वांना पुरणारे नव्हते, म्हणून टेबलावरचे संगणक सुटे करून लोकांच्या घरी पाठवले जात होते. सीपीयू चादरीत गुंडाळून, मॉनिटर मांडीवर घेऊन मुले कॅबमध्ये बसत होती. सुरक्षारक्षक प्रत्येक वस्तूचा क्रमांक वहीत टिपून घेत होते आणि अंतर कसे राखायचे हे कोणालाच कळत नव्हते. पुढे कोण कोठे गेले याचा नकाशा काढला असता तर त्यात निम्मा महाराष्ट्र आला असता. एक जण दापोलीला गेला होता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, त्यानंतर त्याच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. तो मोटारसायकलवरून लांबच्या गावात जाऊन जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करून आणत असे आणि मोबाइलची रेंज मिळेल अशा चढावर बसून काम पाठवत असे. कंपनीने त्याचे जाहीर कौतुक केले, त्याचा फोटो सर्वांना पाठवला. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने आमच्यासारख्या आयटी सेवा देणाऱ्या कंपन्यांवरची बंधने सैल केली आणि घरून काम करण्याची वाट सरकारी नियमांतही मोकळी झाली, तेव्हा ही व्यवस्था आता टिकणार, असे आम्हाला वाटले तर त्यात भाबडेपणा नव्हता. सांगणारे सगळे तेच सांगत होते.

देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीनेही तेच सांगितले होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये आपला ‘२५ बाय २५’ हा संकल्प जाहीर केला: २०२५ सालापर्यंत कंपनीच्या एकूण मनुष्यबळापैकी २५ टक्क्यांहून अधिक लोकांना एका वेळी कार्यालयात असण्याची गरज पडणार नाही. राजेश गोपीनाथन तेव्हा मुख्य कार्यकारी अधिकारी होते. जून २०२३ मध्ये त्यांच्या जागी के. कृतिवासन आले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात यावे, असा निरोप कर्मचाऱ्यांना गेला. पुढच्या वर्षी पगाराचा कमी-जास्त होणारा हिस्सा हजेरीशी जोडला गेला; ६० टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्याला त्या तिमाहीत तो हिस्साच मिळणार नव्हता. कंपनीला आपले धोरण बदलण्याचा पूर्ण अधिकार आहे, त्याविषयी माझा वाद नाही. परंतु ज्या संकल्पाविषयी वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरून आले होते, तो संकल्प नेमका कोणत्या कारणाने गळाला, त्यातले कोणते गृहीतक चुकले, हे ज्या ठळकपणे तो जाहीर झाला त्या ठळकपणे सांगितले गेले नाही. शब्द देणारा माणूस पदावरून जातो, नवा माणूस नव्याने बोलू लागतो आणि मधला दुवा जोडण्याची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही.

माणूस तोच राहिला तरी हे घडते. डेल या संगणक कंपनीचे संस्थापक मायकेल डेल यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिले होते की, लोकांना सक्तीने कार्यालयात बसवून सहकार्य आणि आपलेपणा निर्माण होईल अशी तुमची कल्पना असेल, तर तुमचे काहीतरी चुकते आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनीच आपल्या कर्मचाऱ्यांना कळवले की, जे कार्यालयाच्या जवळ राहतात त्यांनी ३ मार्चपासून आठवड्याचे पाचही दिवस यावे. अर्ध्या मिनिटाच्या बोलण्याने तासन्‌तास चालणारा ई-मेलचा सिलसिला टळतो, असे कारण त्यांनी दिले. या दोन विधानांच्या मध्ये सव्वादोन वर्षांहून अधिक काळ आहे. त्या काळात त्यांना काय दिसले, कोणत्या प्रकल्पात काय बिघडले, कशामुळे त्यांचे मत फिरले, हे जाणून घ्यायला मला मनापासून आवडले असते. मत बदलणे हे जाणत्या माणसाचे लक्षण आहे. बदललेल्या मतापर्यंतचा रस्ता दाखवला तर ऐकणाराही त्यावरून थोडा चालू शकतो.

माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते.

त्यांच्याकडे पाळ्यांच्या वेळा बदलायच्या ठरल्या तेव्हा मी शाळेत होते. नोटिशीची सायक्लोस्टाइल केलेली प्रत ते डब्याच्या पिशवीतून घरी घेऊन आले होते. शाईचा उग्र वास आणि बोटांना लागणारा काळसरपणा मला अजून आठवतो. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९अ प्रमाणे कामाच्या वेळा, पाळ्या, रजा यांसारख्या अटी बदलायच्या असतील तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे, हे मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा एवढेच दिसत होते की, त्या कागदावर तारीख होती, खाली एका माणसाची सही होती आणि तो कागद घरातल्या देवळीत तीन आठवडे राहिला. त्या तीन आठवड्यांत आईने दूधवाल्याची वेळ बदलली, वडिलांनी युनियनच्या दोन बैठकांना हजेरी लावली, आमच्या क्लासची फेरमांडणी झाली. नवी पाळी सुरू होण्याच्या आधी पर्सोनेल ऑफिसर कँटीनमध्ये येऊन उभे राहिले होते. कामगारांनी त्यांना वाटेल ते सुनावले. ते भोंगा होईपर्यंत ऐकत राहिले, काही प्रश्नांना उत्तरे दिली, काहींना ‘हे माझ्या हातात नाही’ असे सांगितले. वडिलांना नवी पाळी शेवटपर्यंत आवडली नाही. पण त्या अधिकाऱ्याविषयी ते कधी वाईट बोलले नाहीत. “समोर आला होता” एवढेच म्हणत. त्या काळच्या कारखान्यांविषयी मला काही सुवर्णयुगाची आठवण काढायची नाही. तेथे टाळेबंदी होती, गुंडगिरी होती, आणि वर्षानुवर्षे न सुटलेले खटले होते. तरीही नोकरीच्या अटी बदलणे ही गंभीर गोष्ट आहे, ती करताना समोरच्याला वेळ दिला पाहिजे आणि कोणीतरी सहीचा धनी झाले पाहिजे, ही समज तेथे कायद्याने घालून दिलेली होती. शुक्रवारी आलेल्या आमच्या ई-मेलखाली एका विभागाचे नाव होते. ज्या पत्त्यावरून तो आला होता त्यावर उत्तर पाठवण्याची सोय नव्हती.

मी स्वतः घरून काम करण्याच्या बाजूची कट्टर कार्यकर्ती नाही, हे येथे सांगितले पाहिजे. २०२१ आणि २०२२ मध्ये आमच्याकडे जी मुले महाविद्यालयातून थेट घरबसल्या नोकरीला लागली, त्यांचे नुकसान मी जवळून पाहिले आहे. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला सहज विचारण्यासारखी शंका ती मुले दोन दोन दिवस मनात ठेवत, कारण त्यासाठी कॉल लावायचा म्हणजे आपण अडाणी ठरू, असे त्यांना वाटे. सांगलीच्या एका मुलाने वर्षभर कॅमेरा सुरू केला नव्हता. पुढे तो प्रत्यक्ष भेटला तेव्हा मला कळले की, एका खोलीत चौघे राहत असल्याने मागे कोण दिसेल याची त्याला लाज वाटत होती. कार्यालयात आल्यावर तो सहा महिन्यांत इतका पुढे गेला की आम्ही थक्क झालो. म्हणून ई-मेलमध्ये ‘नव्या सहकाऱ्यांचे शिकणे’ असा मुद्दा आला असता, अशा दोनतीन खऱ्या उदाहरणांसह आला असता, तर माझ्यासारखीने तो मनापासून पुढे नेला असता. प्रत्यक्षात त्यात ‘संस्कृती’, ‘ऊर्जा’ आणि ‘सहकार्य’ हे शब्द होते आणि ते कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही पत्रात तसेच्या तसे बसले असते. माझ्या टीममधले सहा जण चार गावांत आणि दोन देशांत विखुरलेल्या क्लायंटशी बोलतात. ते हिंजवडीला येऊनही हेडफोन लावून स्क्रीनशीच बोलणार, हे त्यांना माहीत होते. भूमकर चौकातल्या कोंडीत दीड तास काढून, पावसाळ्यात वाकडपासून पाण्यातून वाट काढत येऊन नेमके कोणाशी सहकार्य करायचे, हे त्यांनी विचारले तर त्यांना आडमुठे कसे म्हणावे?

कारणे नसतात असे नाही. ती असतात, आणि बहुतेक वेळा समजण्यासारखी असतात. आपल्याकडच्या पुष्कळ आयटी इमारती विशेष आर्थिक क्षेत्रात आहेत. तेथल्या कंपन्यांना मिळणाऱ्या करसवलती त्या जागेत चालणाऱ्या कामाशी बांधलेल्या होत्या, आणि घरून काम करू देण्याची परवानगी जुलै २०२२ मध्ये नियमांत आली तीही मुदतीची होती, ती मागाहून वाढवावी लागत होती. काही परदेशी बँकांच्या करारात कुलूपबंद, कॅमेऱ्याखालच्या खोलीतच काम करण्याची अट असते. कोठे दहा वर्षांच्या भाडेकराराने घेतलेले मजले रिकामे पडलेले असतात आणि संचालक मंडळ दर तिमाहीला त्याविषयी विचारते. यातले प्रत्येक कारण कर्मचाऱ्याला कळते. ज्याने स्वतः घराचा हप्ता भरला आहे त्याला भाडेकरार समजावून सांगावा लागत नाही. तरीही ही कारणे बंद खोलीत राहतात आणि बाहेर येताना त्यांच्या जागी भारदस्त, निराकार असे काहीतरी येते. मला वाटते, यामागे कपट क्वचित असते. पैशाचे कारण सांगितले तर आपण लहान दिसू, करसवलतीचे सांगितले तर उद्या ती वाढवून मिळाल्यावर लोक पुन्हा मागणी करतील, अशी भीती असते. त्या भीतीपोटी कारण असे निवडले जाते की जे कधीच खोटे ठरवता येणार नाही; आणि जे खोटे ठरवता येत नाही त्यावर विश्वास ठेवायलाही कोणाला जमत नाही. मग लोक आपले आपण कारण शोधतात. माणसे आपणहून सोडून जावीत म्हणून हे चालले आहे, ही कुजबुज आमच्याकडे सोमवारच्या दुपारपर्यंत प्रत्येक मजल्यावर पोहोचली होती. अशी कुजबुज सर्वत्र निराधार असते असेही नाही. अमेरिकेतल्या बांबूएचआर या कंपनीच्या २०२४ मधल्या पाहणीत, उपाध्यक्ष आणि त्यावरच्या पदांवरील २५ टक्के अधिकाऱ्यांनी, कार्यालयात बोलावल्यामुळे काही लोक स्वतःहून राजीनामा देतील अशी आशा होती, हे मान्य केले होते.

या प्रकारच्या पत्रांचा इतिहास कोरोनापेक्षा जुना आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये याहू या अमेरिकन इंटरनेट कंपनीने घरून काम करणाऱ्या सर्वांना जूनपासून कार्यालयात बोलावले. मारिसा मायर तेव्हा प्रमुख होत्या, पत्र मात्र मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख जॅकी रीसेस यांच्या नावाने गेले. घरून काम करताना वेग आणि दर्जा यांचा अनेकदा बळी जातो, असे त्यात म्हटले होते, आणि केबल दुरुस्तीवाल्याची वाट पाहण्यासाठी अधूनमधून घरी थांबावे लागले तरी सहकार्याची भावना ध्यानात ठेवून विवेकाने ठरवा, अशीही एक ओळ होती. पत्रावर ‘गोपनीय’ असे लिहिलेले होते आणि ते लगेच जगभर वाचले गेले. एप्रिलमध्ये मायर एका परिषदेत म्हणाल्या की, एकेकटी माणसे अधिक काम करतात हे खरे, पण एकत्र असताना ती अधिक सहकार्य करतात आणि त्यांना अधिक नवे सुचते. हे वाक्य मला प्रामाणिक वाटते, कारण त्यात घरून केलेल्या कामाच्या बाजूचे सत्य आधी मान्य केले आहे. ते फेब्रुवारीच्या पत्रात असायला हवे होते. वर्षानुवर्षे घरून इमानाने काम केलेल्या माणसाला दर्जाचा बळी गेल्याचे त्या पत्रातूनच पहिल्यांदा कळत असेल, तर त्याच्या मागच्या सगळ्या वर्षांवर एका ओळीने काट मारल्यासारखे होते. पुढे बोलावण्यासाठी मागचे काम कमी लेखण्याची काहीच गरज नसते.

जेपीमॉर्गन चेस या अमेरिकन बँकेचे प्रमुख जेमी डायमन यांची गोष्ट मला अजून पुरती उलगडलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्या बँकेने पाच दिवसांचा नियम जाहीर केला, अंतर्गत पानावर कर्मचाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या आणि तेथे लिहिण्याची सोय बंद करण्यात आली. फेब्रुवारीतल्या एका सभेत डायमन जे बोलले त्याचे ध्वनिमुद्रण बाहेर आले. कर्मचाऱ्यांच्या विनंतीपत्रावर कितीही सह्या झाल्या तरी आपल्याला पर्वा नाही, असे ते शिवी घालून म्हणाले. ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्याच बोलण्यात त्यांनी, ऑनलाइन बैठकीत लोक लक्ष देत नाहीत, एकमेकांना संदेश पाठवत बसतात, शुक्रवारी फोन केला तर माणूस सापडत नाही, असे आपले खरे गाऱ्हाणेही मांडले. ते गाऱ्हाणे त्यांचे स्वतःचे होते, कोणी लिहून दिलेले नव्हते, आणि त्याला उत्तर देता आले असते. कोणी उठून म्हणू शकले असते की, साहेब, आमच्या विभागात असे होत नाही, हे पाहा. मात्र असे म्हणण्याची वाट त्यांनी स्वतःच बंद केली होती, आणि म्हणून त्या प्रांजळपणाचा कोणाला उपयोग झाला नाही. बोलणे उघडे असून ऐकणे बंद असेल तर माणसाला ते धमकीसारखेच ऐकू येते.

ॲमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांचे १६ सप्टेंबर २०२४ चे पत्र मी दोनदा वाचले. निर्णय कडक होता: तीन दिवसांऐवजी पाच दिवस, २ जानेवारी २०२५ पासून. परंतु पत्र त्यांच्या नावाने होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपण काय म्हटले होते याचा त्यात उल्लेख होता. काहींनी आपले आयुष्य वेगळ्या तऱ्हेने लावून घेतले असेल आणि त्यांना जुळवून घ्यावे लागेल, हे मान्य केले होते. मूल आजारी असेल तर पूर्वीही लोक घरून काम करत आणि यापुढेही करतील, असे लिहिले होते. आणि साडेतीन महिने दिले होते. एवढे करूनही ते पुरले नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच कंपनीच्या क्लाउड विभागाचे प्रमुख मॅट गार्मन एका सभेत म्हणाले की, आपण ज्यांच्याशी बोललो त्यांतील दहापैकी नऊ जणांना हा बदल हवाच आहे, आणि ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या कंपन्या आहेत. पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी त्यांना लेखी कळवले की, आकडेवारीचा आधार नसलेले हे स्पष्टीकरण ऐकून आम्हाला धक्का बसला. दुखावलेली माणसे दुसऱ्या कंपन्यांच्या उल्लेखाने जितकी दुखावली, तितकीच त्या ‘दहापैकी नऊ’नेही दुखावली असणार, असे मला वाटते. तुमचा त्रास मुळात नाहीच, असे त्यात सांगितले गेले होते.

अमेरिकन संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला अशा वेळी नेहमी आठवतो. एकाच अमेरिकन कंपनीचे कारखाने, मोठी कंत्राटे हातची गेलेली, कोणाला काढून टाकावे लागू नये म्हणून दहा आठवडे पगारात १५ टक्के कपात. एका कारखान्यात अध्यक्ष स्वतः आले, दीड तास थांबले, खेद व्यक्त केला, आकडे दाखवले आणि त्यातला सुमारे तासभर प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत निर्णय सांगून सभा संपवण्यात आली. कपातीच्या काळात दोन्ही ठिकाणी मालाची चोरी वाढली, परंतु जेथे नीट सांगितले नव्हते तेथे ती कितीतरी अधिक वाढली आणि तेथूनच अधिक लोक नोकरी सोडून गेले. कपात दोघांची सारखीच होती. दुसरे उदाहरण चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवासाची आरक्षणे करणाऱ्या कंपनीचे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तेथे १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम, बाकीचे पूर्ण वेळ कार्यालयात. नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही. प्रयोगाआधी मॅनेजरांना उत्पादकता घटेल असे वाटत होते, प्रयोगानंतर त्यांचे मत उलट झाले. त्या कंपनीने नंतर जे धोरण लागू केले त्याच्या पाठीशी तिच्याच माणसांवर घेतलेला पडताळा होता. आमच्याकडेही तीन वर्षांचा हिशेब पडून होता: किती प्रकल्प वेळेवर गेले, किती चुका निघाल्या, किती क्लायंटनी तक्रार केली. तो ई-मेलसोबत यायला काय हरकत होती?

सोमवारी मी टीमची बैठक घेतली तेव्हा ती फाइल वाचून दाखवली नाही. मला जे ठाऊक होते ते सांगितले, जे ठाऊक नव्हते ते विचारून सांगीन म्हटले आणि कऱ्हाडचा तो प्रश्न, नाव न घेता, वर पाठवला. मधल्या फळीतल्या माणसाच्या वाट्याला यापेक्षा फार काही येत नाही. निर्णय त्याचा नसतो, पण चेहरा त्याचा असतो. शनिवारी भाजी घेताना भेटणारी माणसे त्यालाच विचारतात. उत्तर यायला वेळ लागला. मग आमच्या विभागाचे प्रमुख स्वतः हिंजवडीला आले, जे येऊ शकत नव्हते त्यांना व्हिडिओवर जोडून घेतले, आणि कागद हातात न घेता बोलले. ते म्हणाले की, २०२१ मधले ते वाक्य मी उच्चारले नव्हते, पण ते कंपनीचे वाक्य होते, म्हणून त्याची जबाबदारी माझीही आहे. ते आज पाळता येत नाही. दोन क्लायंटच्या नव्या करारांत सुरक्षित जागेची अट आली आहे आणि नवी मुले घरबसल्या तयार होत नाहीत, ही दोन कारणे मी तुम्हाला सांगू शकतो; तिसरेही एक आहे, ते सांगण्याची मला मुभा नाही. दोन जण त्यांच्यावर भडकले. एकाने, तिसरे कारण सांगत नसाल तर पहिली दोन तरी खरी कशावरून, असे विचारले, आणि त्यावर ते काही बोलू शकले नाहीत. कऱ्हाडच्या मुलीने शाळेचे वर्ष संपेपर्यंत मुदत मागितली, ती तिच्यासारख्या सर्वांना मिळाली. नियम तसाच राहिला. आमच्या मजल्यावरून तिघांनी राजीनामे दिले. ती मात्र जूनमध्ये मुलाला घेऊन पुण्यात आली. वरच्या खोलीचा हप्ता आणि वारज्यातल्या जागेचे भाडे असे दोन्ही ती आता भरते, आणि तो राग तिच्या मनातून गेलेला नाही, हे ती मला स्पष्ट सांगते.

गेल्या महिन्यात मी एका मुलाची मुलाखत घेत होते. अमरावतीचा, पाच वर्षांचा अनुभव, उत्तम तयारी. शेवटी, काही विचारायचे आहे का, असे मी विचारले तेव्हा त्याने आठवड्यातले किती दिवस यावे लागेल ते विचारले. मी तीन दिवस म्हणून सांगितले. “हे नियुक्तीपत्रात लिहून मिळेल का?” तो अतिशय नम्रपणे म्हणाला. आमच्या नियुक्तीपत्रात त्या जागी ‘कंपनीच्या वेळोवेळीच्या धोरणानुसार’ एवढेच छापलेले असते आणि त्यात भर घालण्याचा अधिकार मला नाही, एचआरलाही नाही. मी त्याला तसे सांगितले. त्याने आभार मानले, आणि दोन दिवसांनी नकार कळवला. त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या दोघांनीही हेच विचारले होते.